माशीला औषध विचारू नका, क्रम विचारा

कंपवातावरच्या संशोधनाला लोकांचा पैसा द्यायचा, तर तो चिलटांवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या फळमाश्यांवर कशाला उधळायचा, हा प्रश्न अर्थसंकल्पाच्या चर्चेत अधूनमधून डोकं वर काढतो. प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरात कुणाच्या हातातला पेला ओठांपर्यंत पोचायच्या आधीच हिंदकळतो, त्याला तर तो विचारायचा पुरेपूर हक्क आहे. वाईट वाटतं ते त्यावर दिल्या जाणाऱ्या ठरावीक उत्तराचं. माणसाच्या रोगांशी निगडित जनुकांपैकी सुमारे ७५ टक्के जनुकांची भावंडं माशीत सापडतात, असं सांगून विषय संपवला जातो. आकडा खरा आहे, पण त्याने फारसं काही सिद्ध होत नाही. दोन घरांत सारखी भांडी आहेत म्हणून एका घरातला स्वयंपाक दुसऱ्या घरात बसून कळत नाही.

माशीवरचा खर्च योग्य आहे, असं माझं ठाम मत आहे. पण त्याचं कारण साम्य नाही. कोणतं जनुक आधी काम करतं, कोणतं नंतर, कुणाच्या हुकमावर कोण हलतं, हा क्रम माशीत जितक्या स्वच्छपणे विचारता येतो, तितका उंदरात किंवा माणसात विचारता येत नाही. कंपवाताच्या बाबतीत हा प्रश्न माशीला विचारला गेला आणि तिने सरळ उत्तर दिलं.

आधी नावाचा घोळ मिटवू. बागायतदार ज्या फळमाशीने हैराण असतात ती वेगळ्या कुळातली, चांगल्या फळात अंडी घालणारी कीड. प्रयोगशाळेतली ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर म्हणजे जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची, आंबू लागलेल्या फळावरच्या यीस्टवर जगणारी चिलटं. मराठीत दोघींनाही फळमाशीच म्हणतात. इंग्रजीतही हाच गोंधळ आहे. २००८ साली अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनी पिट्सबर्गच्या भाषणात फळमाशीवरच्या खर्चाची टर उडवली. तो खर्च ऑलिव्हवरच्या किडीसाठी होता. त्यांना उत्तर देणाऱ्यांपैकी अनेकजण मात्र ड्रोसोफिलाची बाजू मांडत राहिले. ऑलिव्हच्या किडीवरचं संशोधनही तितकंच समर्थनीय होतं, पण ते समर्थन वेगळं करायला हवं होतं. विज्ञानाची बाजू घेणाऱ्यांनी निदान किडा कोणता हे तरी तपासायला हवं.

आता मुद्द्याकडे. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हापासून जवळपास पावणेदोनशे वर्षं त्यामागच्या एकाही जनुकाचं नाव ठाऊक नव्हतं. मग नावांची रांगच लागली. १९९७ मध्ये अल्फा-सिन्युक्लिन, १९९८ मध्ये जपानी कुटुंबांतून पार्किन, २००३ मध्ये डीजे-१, २००४ मध्ये पिंक-१ आणि एलआरआरके-२. नावं कळली, पण नाती कळेनात. पार्किन हे दुसऱ्या प्रथिनांवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची चिठ्ठी डकवणारं एन्झाइम. पिंक-१ हे मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रावर बसणारं किनेज, फॉस्फेट चिकटवणारं. दोन्हींत बिघाड झाला की माणसाला तरुणपणीच कंपवात गाठतो. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे का? रुग्णाच्या रक्तात हे दिसत नाही, मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूतही दिसत नाही, कारण तिथे फक्त शेवट दिसतो, प्रवास दिसत नाही. उंदरात पार्किन किंवा पिंक-१ काढून टाकलं तर उंदीर बऱ्यापैकी धडधाकट राहतो. जिथे बिघाडच नीट दिसत नाही, तिथे तो कशाने भरून निघतो हे कसं पाहणार?

माशीत बिघाड दिसला, आणि असा दिसला की साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही चुकू नये. २००३ मध्ये लिओ पॅलँक यांच्या गटाने पार्किन नसलेल्या माश्यांचं वर्णन केलं. त्यांचे उडण्याचे स्नायू झिजतात, नर वांझ निघतात, आयुष्य घटतं. उडण्याचे स्नायू छातीत असतात. ते खचले की छातीच्या पाठीकडच्या कवचावर खळगा पडतो. पंखांची ठेवण बिघडते, ते वर उचललेले किंवा खाली लोंबलेले राहतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या स्नायूतले मायटोकॉन्ड्रिया फुगलेले, आतल्या घड्या मोडलेले दिसतात.

२००६ मध्ये मिंग गुओ आणि जोंगक्योंग चुंग यांच्या गटांनी स्वतंत्रपणे, आणि लगोलग बिंगवेई लू यांच्या गटानेही, पिंक-१ काढलेल्या माश्या तपासल्या. तोच खळगा, तेच पंख, तेच वांझ नर, तेच फुगलेले मायटोकॉन्ड्रिया. इथपर्यंत हे नुसतं साम्य होतं. खरी परीक्षा पुढच्या तीन क्रॉसमध्ये, म्हणजे ठरवून केलेल्या संकरांमध्ये होती. पहिला क्रॉस दोन्ही जनुकं नसलेल्या माशीचा. दोन वेगळ्या वाटा बंद झाल्या असत्या, तर माशीची अवस्था एकेका बिघाडाहून वाईट व्हायला हवी होती. ती तशी झाली नाही, म्हणजे वाट एकच होती. दुसरा क्रॉस पिंक-१ नसलेल्या माशीत पार्किन जादा देण्याचा. स्नायू सावरले, मायटोकॉन्ड्रिया सुधारले. तिसरा याच्या उलट, पार्किन नसलेल्या माशीत पिंक-१ जादा देण्याचा. काहीच सुधारलं नाही. म्हणजे पिंक-१ आधी आणि पार्किन त्याच्या पुढे. ज्याच्या पुढचा माणूस जागेवर आहे त्याची अनुपस्थिती भरून काढता येते. पुढचाच नसेल तर मागच्याने कितीही जोर लावून उपयोग नाही.

हे तीन क्रॉस कागदावर तीन ओळींचे आहेत. प्रत्यक्षात त्यात किती खाचखळगे असतात हे सांगितल्याशिवाय त्यांची किंमत कळणार नाही. माशीत पिंक-१ हे एक्स गुणसूत्रावर आहे. नराकडे एक्स एकच, त्यामुळे एक प्रत गेली की बिघाड उघडा पडतो. पण बिघडलेला नर वांझ, म्हणून स्टॉक, म्हणजे पिढ्यानपिढ्या जपलेला माश्यांचा वंश, चालवायचा तो माद्यांमार्फत. त्यांच्या दुसऱ्या एक्सवर एफएम-७ हा बॅलन्सर ठेवतात. बॅलन्सर म्हणजे अनेक ठिकाणी उलटापालट केलेलं गुणसूत्र. त्यामुळे जनुकांची अदलाबदल टिकत नाही, आणि त्यावरच्या खुणेमुळे ते कुणाकडे आहे हे डोळ्याच्या आकारावरून ओळखता येतं. आता तुलनेसाठी कंट्रोल म्हणून त्याच बाटलीतला एफएम-७ वाला भाऊ घ्यायचा मोह होतो. तो घेऊ नये. बॅलन्सर वाहणाऱ्या माश्या स्वतःच अशक्त असतात, त्यांच्याशी तुलना केली तर खरा बिघाड सौम्य वाटतो. योग्य कंट्रोल म्हणजे ज्या घुसखोर डीएनए-तुकड्याला हलवून हा बिघाड तयार केला, तोच तुकडा जनुकाला धक्का न लावता नेमका निघून गेलेला भाऊबंद वंश. क्रॉससाठी माद्या व्हर्जिन, म्हणजे नराशी मीलन न झालेल्या लागतात. २५ अंश सेल्सिअसला मादी बाहेर आल्यापासून आठेक तासांत वेगळी करावी लागते, १८ अंशांवर ती मुदत दुपटीपर्यंत ताणता येते. नवजात मादीचं पोट फिकट असतं आणि त्यात एक गडद ठिपका दिसतो. तो दिसला नाही आणि तरीही माशी उचलली, तर तिच्या पोटात कुणाचे शुक्राणू आहेत याची खात्री नाही, आणि संपूर्ण क्रॉस संशयास्पद.

पुढची गोष्ट पेशींवरच्या प्रयोगांतून उलगडली. २००८ मध्ये रिचर्ड यूल यांच्या गटाने दाखवलं की पार्किन निकामी मायटोकॉन्ड्रियावर जाऊन बसतं आणि त्याची पेशीतून विल्हेवाट लागते. २०१० पर्यंत कळलं की निकामी मायटोकॉन्ड्रियावर पिंक-१ साचतं आणि तेच पार्किनला बोलावतं. २०१४ मध्ये नेमका निरोप सापडला. पिंक-१ युबिक्विटिनच्या ६५ व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट लावतं, आणि ते बदललेलं युबिक्विटिन पार्किनला जागं करतं. त्याच वर्षी यूएसपी-३० हे पार्किनने लावलेल्या चिठ्ठ्या काढून टाकणारं एन्झाइम पुढे आलं. माशीत ते कमी केलं तर पिंक-१ आणि पार्किनच्या बिघाडाचे परिणाम सौम्य झाले. यूएसपी-३० ला रोखणारे रेणू आता माणसांवरच्या प्राथमिक चाचण्यांपर्यंत पोचले आहेत. त्यांचं पुढे काय होईल ते चाचण्या सांगतील. माझा मुद्दा काळाचा आहे. २००३ च्या खळगा पडलेल्या छातीपासून या चाचणीपर्यंत वीस वर्षं गेली, आणि संशोधन-अनुदानं सहसा तीन ते पाच वर्षांची असतात. 'या प्रकल्पातून रुग्णाला काय मिळेल' हा रकाना २००३ मध्ये प्रामाणिकपणे भरायचा, तर तिथे 'ठाऊक नाही' लिहावं लागलं असतं. असं उत्तर देणाऱ्या अर्जाला पैसे नाकारणारी व्यवस्था सावध वाटते, पण ती साखळीची पहिलीच कडी तोडते.

याच ठिकाणी माशीवाल्यांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. 'कंपवात झालेली माशी' हा शब्दप्रयोग बंद व्हायला हवा. माशीला कंपवात होत नाही. तिच्याकडे अल्फा-सिन्युक्लिनचं जनुकच नाही, ते माणसाचं घालावं लागतं. मेल फीनी आणि वेल्कम बेंडर यांनी २००० मध्ये ते घातलं, आणि माशीच्या मेंदूत त्या प्रथिनाचे गोळे दिसले, चढण्याची ताकद वयाबरोबर घटली, कंपवातात ज्या मरतात त्या डोपामीन बनवणाऱ्या पेशी कमी भरल्या. हा मोठा टप्पा होता. पण २००५ मध्ये दुसऱ्या गटाने मेंदूचे काप न करता अख्खा मेंदू रंगवून मोजला, तेव्हा त्यांना पेशींची संख्या नेहमीसारखीच आढळली. मोजण्याची पद्धत बदलली आणि उत्तर बदललं.

हे का होतं, तेही सांगितलं पाहिजे. या पेशी शोधायला टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या एन्झाइमला चिकटणारं प्रतिपिंड वापरतात. पेशी जिवंत आहे पण तिच्यात एन्झाइम कमी झालं आहे, तर ती रंगत नाही आणि मेलेली समजली जाते. काप घेतले तर एकच पेशी दोन कापांत विभागून दोनदा मोजली जाते, किंवा एखादा काप फाटला तर मोजायची राहते. माशीच्या मेंदूत एका बाजूला पीपीएल-१ या गटात डोपामीनच्या पेशी असतात जेमतेम बारा. बारापैकी एक मोजायची राहिली तरी आठ टक्के घट दिसते. म्हणून अख्खा मेंदू, पेशीच्या केंद्रकाला रंगवणारी दुसरी स्वतंत्र खूण, आणि मोजणाऱ्याला कोणती माशी कोणत्या गटातली हे ठाऊक नसणं, या तीन गोष्टी नसतील तर पेशी मेल्याचा दावा मान्य करू नये. नियतकालिकांनीही तो छापू नये.

चढण्याच्या चाचणीचंही असंच. ती इतकी सोपी दिसते की कुणीही करावी. दहा माश्या उभ्या नळीत घ्यायच्या, नळी आपटून सगळ्यांना तळाला पाडायचं, दहा सेकंदांत आठ सेंटिमीटरची रेघ किती जणी ओलांडतात ते मोजायचं. माशी स्वभावाने वर चढते. चढली नाही, म्हणजे काहीतरी बिघडलं. पण काय बिघडलं? पिंक-१ नसलेल्या माशीत स्नायू खचलेले असतात. ती चढत नाही म्हणून मेंदूत डोपामीन कमी आहे असा निष्कर्ष काढला, तर तो चुकीच्या अवयवाबद्दल आहे. मेंदूबद्दल बोलायचं असेल तर जनुक फक्त डोपामीनच्या पेशींत बंद करून किंवा फक्त तिथेच परत देऊन पाहावं लागतं. त्यासाठी गॅल-४ आणि यूएएस ही जोडी १९९३ पासून उपलब्ध आहे. गॅल-४ हे यीस्टमधलं प्रथिन हव्या त्या पेशीत तयार करवायचं, आणि ते यूएएस या डीएनए-खुणेपुढे जोडलेलं जनुक चालू करतं. ही जोडी उष्ण हवेत जोरात चालते, म्हणून अनेकजण माश्या २९ अंशांवर ठेवतात. पण त्या तापमानात माशी लवकर म्हातारीही होते. नुसतं गॅल-४ आणि नुसतं यूएएस असलेले दोन्ही कंट्रोल त्याच तापमानात, त्याच दिवशी नसतील, तर म्हातारपण आणि बिघाड वेगळे काढता येत नाहीत.

बारीकसारीक गोष्टींनी चाचणी फसते. माश्या निवडताना कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध केल्या असतील, तर निदान चोवीस तास सावरू द्यावं. सकाळी एक गट आणि संध्याकाळी दुसरा मोजला, तर फरक घड्याळाचा असतो. नर आणि माद्या मिसळू नयेत. एका नळीतल्या दहा माश्यांची पाच वेळा चाचणी घेऊन पन्नास नोंदी झाल्या असं मानणं ही सर्रास दिसणारी आणि गंभीर चूक. एका नळीची सरासरी ही एक नोंद, बस्स. आयुष्यमान मोजतानाही अशक्त माशी ओलसर खाद्याला चिकटून मरते. तो मृत्यू रोगाचा नसतो, खाद्य नीट न सुकवल्याचा असतो. म्हणून नळ्या आडव्या ठेवतात आणि दर दोन-तीन दिवसांनी खाद्य बदलतात.

आणि डोळ्यांचा रंग. थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि आधुनिक आनुवंशिकीला दिशा मिळाली. तेच व्हाइट जनुक आजच्या बहुसंख्य स्टॉकमध्ये बंद असतं, कारण बाहेरून घातलेल्या जनुकासोबत त्याची छोटी प्रत जोडतात आणि डोळा नारिंगी-लाल झाला की जनुक पोचलं असं ओळखतात. पण व्हाइट हे फक्त रंगाचं जनुक नाही. पांढऱ्या डोळ्यांच्या माश्यांत डोपामीन आणि सेरोटोनिनच्या पातळीत फरक नोंदले गेले आहेत, त्यांचा दृष्टिपटल वयाबरोबर झिजतो, चढण्याचा वेगही कमी पडतो. प्रयोगातली माशी लाल डोळ्यांची आणि कंट्रोल पांढऱ्या डोळ्यांचा असेल, तर कंपवाताच्या नावाखाली डोळ्यांचा रंगच मोजला जातो. दोन्ही बाजूंना व्हाइटची स्थिती सारखी ठेवणं आणि सहा पिढ्या एकाच वंशाशी उलट संकर करून बाकीची जनुकं समान करणं, याला जेमतेम दोन महिने लागतात. हे दोन महिने वाचवणाऱ्या शोधनिबंधांनी माशीच्या विरोधकांना जितकं खाद्य पुरवलं, तितकं कुठल्याही राजकारण्याच्या भाषणाने पुरवलं नसेल.

रुग्णांशी बोलताना तर जबाबदारी आणखी वाढते. २०१२ मध्ये पिंक-१ नसलेल्या माश्यांना के-२ जीवनसत्त्व दिल्यावर त्यांच्या मायटोकॉन्ड्रियाची ऊर्जानिर्मिती सुधारल्याचं प्रसिद्ध झालं. इलेक्ट्रॉनच्या वहनात कुठे अडतं, याबद्दल तो निष्कर्ष बोलका होता. कंपवाताच्या रुग्णाने कोणती गोळी घ्यावी याबद्दल त्यात काहीही नव्हतं. बहुसंख्य रुग्णांमध्ये पिंक-१ बिघडलेलं नसतंच. एकाच जनुकामुळे होणारा कंपवात हा एकूण रुग्णांतला लहान हिस्सा आहे. विद्यापीठांच्या प्रसिद्धिपत्रकात 'माशी बरी झाली' या वाक्याशेजारीच हे वाक्यही छापलं गेलं पाहिजे, आणि अनुदान देणाऱ्यांनी तशी अट घातली पाहिजे.

क्रम सापडला म्हणजे सगळं सापडलं असंही नाही. २०१८ मध्ये माश्यांवर आणि उंदरांवर झालेल्या कामातून दिसलं की रोजची, सामान्य परिस्थितीतली मायटोकॉन्ड्रियाची सफाई पिंक-१ आणि पार्किन नसतानाही बरीचशी चालू राहते. त्याच वर्षी दुसऱ्या गटाला वयस्क माश्यांत मात्र ती मंदावलेली आढळली. म्हणजे वाट खरी, पण ती केव्हा लागते यावर वाद बाकी आहे. मला हा वाद माशीच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा वाटतो. दोन गट तेच जनुक, तोच प्राणी, वेगळं वय घेऊन काही महिन्यांत एकमेकांना तपासू शकतात. जिथे एकमेकांना तपासायला दहा वर्षं लागतात, तिथे चुकीची कल्पना दहा वर्षं राज्य करते.

आणि काम वाढतंच आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय पाहणीत कंपवाताचा धोका वाढवणारे ९० स्वतंत्र संकेत नोंदले गेले. संकेत म्हणजे जनुक नव्हे, तो गुणसूत्रावरचा एक टापू, ज्यात अनेक जनुकं शेजारीशेजारी असतात. त्यांतलं दोषी कोण? माशीत त्या टापूतल्या एकेका जनुकाची भावंडं आरएनए-आयने, म्हणजे जनुकाचा निरोप नष्ट करणाऱ्या आरएनएच्या तुकड्याने, दाबून पाहता येतात. अट इतकीच, की एका जनुकासाठी एकमेकांशी न जुळणाऱ्या निदान दोन आरएनए-आय स्टॉकनी तोच परिणाम दाखवावा, नाहीतर भलतंच जनुक दाबलं गेल्याची शंका उरते. आणि माणसाचं जनुक घालून बिघाड भरून निघतो का, तेही पाहावं. माशीची पिढी २५ अंशांवर दहा दिवसांची, त्यामुळे हे प्रश्न एका विद्यार्थ्याच्या कार्यकाळात पुरे होतात.

म्हणून माझी मागणी जास्त पैशाची नाही, वेगळ्या प्रकारच्या पैशाची आहे. प्रकल्पाचं अनुदान प्रयोगाला मिळतं, पण प्रयोग ज्यावर उभा आहे ते स्टॉक आणि माहितीकोश प्रकल्पाबरोबर संपू नयेत. अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनच्या केंद्रात सत्तर हजारांहून अधिक जिवंत स्टॉक आहेत. फ्लायबेस हा माहितीकोश जगभरच्या प्रयोगशाळा रोज उघडतात, आणि २०२५ मध्ये हार्वर्डमार्फत त्याला मिळणारं अमेरिकी सरकारचं अनुदान थांबलं तेव्हा त्याची झळ अमेरिकेबाहेरच्या प्रयोगशाळांनाही लागली. जगाने वापरायचं आणि एका देशाच्या राजकारणाने पोसायचं, ही मांडणी टिकणारी नाही. वापरणाऱ्या प्रत्येक देशाने त्यात कायमचा वाटा उचलायला हवा.

स्टॉकचं तर आणखी नाजूक. जिवाणू गोठवून ठेवता येतात, उंदराचे भ्रूणही. माशीचे भ्रूण गोठवण्याची भरवशाची पद्धत २०२१ मध्ये पुढे आली, पण ती अजून सर्वत्र रुळलेली नाही. तोवर प्रत्येक स्टॉक हाताने नव्या बाटलीत फ्लिप करावा लागतो, खोलीच्या तापमानाला दोन-तीन आठवड्यांनी, १८ अंशांवर थोडा उशिरा. अनुदानाच्या दोन टप्प्यांत दोन महिन्यांची फट पडली आणि माश्या बघणाऱ्या सहायकाची नेमणूक संपली, तर खाद्य वाळतं, बुरशी चढते, कोळीवर्गातले माइट शिरतात आणि शेजारच्या बाटल्याही खातात. हे निदान दिसतं तरी. न दिसणारं नुकसान हळू होतं. अशक्त स्टॉकमध्ये पिढ्यागणिक बिघाडाला सावरणारे छोटे जनुकीय बदल साठत जातात, कारण जी माशी जरा सशक्त तिचीच पिल्लं जास्त. काही वर्षांनी बाटलीवर चिठ्ठी पिंक-१ चीच असते, पण आतल्या नरांच्या छातीवरचा खळगा उथळ झालेला असतो. रोज त्या बाटल्या हाताळणाऱ्या अनुभवी सहायकाला तो फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. दर अर्थसंकल्पात आधी त्याच पदावर काट मारली जाते.